बॉम्बे रक्तगटाच्या गर्भवतीसाठी रक्ताची तयारी : काय करावे आणि कोणत्या क्रमाने

प्रसूतीच्या टेबलावर घेतल्यानंतर एखाद्या स्त्रीचा रक्तगट बॉम्बे असल्याचे कळते, तेव्हा हाताशी जेमतेम तास-दोन तास असतात आणि लागणारी पिशवी दुसऱ्या जिल्ह्यात असते. गरोदरपणाचे नऊ महिने मिळूनही ही वेळ येते, कारण कामे उलट्या क्रमाने होतात. आधी रक्तदात्यांसाठी धावाधाव होते, मग भावंडांची आठवण येते आणि गटाची पक्की तपासणी सर्वांत शेवटी होते. तो क्रम सरळ लावावा म्हणून हे मार्गदर्शन गर्भवती, तिचे कुटुंबीय आणि लहान गावांतील डॉक्टर व तंत्रज्ञ यांच्यासाठी लिहिले आहे. औषधे आणि रक्त देण्याच्या बाबतीत स्त्रीरोगतज्ज्ञ व रक्तपेढीचे डॉक्टर यांचाच शब्द अखेरचा मानावा.

सुरुवातीला एवढे समजून घ्यावे. ए आणि बी हे प्रतिजन, म्हणजे गट ठरवणाऱ्या खुणा, तांबड्या पेशींवरील एच नावाच्या पायाभूत प्रतिजनावर तयार होतात. ओ गटात ए आणि बी नसतात, पण एच भरपूर असतो. बॉम्बे गटात एचच नसतो, त्यामुळे ए-बीची जनुके असली तरी ती पेशींवर दिसू शकत नाहीत आणि साध्या तपासणीत गट ओ असा येतो. या व्यक्तींच्या रक्तद्रवात अँटी-ए, अँटी-बी यांच्या जोडीला अँटी-एच हे प्रतिपिंड, म्हणजे एच प्रतिजनावर हल्ला करणारे प्रथिन, जन्मानंतर आपोआप तयार होते. ते शरीराच्या तापमानाला काम करते आणि बाहेरून आलेल्या ओ गटाच्या पेशी रक्तवाहिन्यांतच फोडते. म्हणून ओ गटाचे रक्त, अगदी ‘सर्वांना चालणारे’ समजले जाणारे ओ निगेटिव्हसुद्धा, या रुग्णासाठी प्राणघातक ठरू शकते. तिला तांबड्या पेशी फक्त बॉम्बे गटाच्याच चालतात. भारतात हा गट साधारण दहा हजारांत एका व्यक्तीत आढळतो.

टप्पा १ : गट ओळखणे आणि पक्का करणे

पुढीलपैकी एकही गोष्ट आढळली, तर ‘ओ’ या अहवालावर विसंबून राहू नये. रक्तपेढीत ओ गटाच्या एकामागून एक पिशव्या क्रॉसमॅचला (दात्याच्या पेशी आणि रुग्णाचा रक्तद्रव यांची जुळणी) जुळत नसतील, सख्ख्या भावंडांपैकी कोणाचा गट बॉम्बे निघालेला असेल, किंवा आई-वडील आणि मूल यांच्या गटांचा मेळ बसत नसेल, उदाहरणार्थ ‘ओ’ गटाच्या आईचे मूल एबी असेल, तर तपासणी पुन्हा करून घ्यावी. बॉम्बे गटाची व्यक्ती स्वतःमध्ये झाकलेले ए किंवा बी जनुक मुलाला देऊ शकते. केवळ रक्तगटावरून पितृत्वाचा संशय घेऊन घरे मोडण्याची वेळ येते, तेव्हा हे कारण आधी तपासले गेले आहे ना, एवढे तरी कोणीतरी विचारायला हवे.

चूक नेमकी कुठे होते ते प्रयोगशाळेतच पाहता येते. शिबिरात किंवा छोट्या लॅबमध्ये काचपट्टीवर रुग्णाच्या पेशी घेऊन त्यांवर अँटी-ए, अँटी-बी आणि अँटी-डीचे (आरएच पॉझिटिव्ह की निगेटिव्ह ते पाहणारे) थेंब टाकतात. ही झाली निम्मी तपासणी. उरलेल्या निम्म्या भागाला रिव्हर्स ग्रुपिंग म्हणतात. त्यात रुग्णाचे सीरम (रक्तद्रव) तीन नळ्यांत घेऊन एकीत ए, दुसरीत बी आणि तिसरीत ओ गटाच्या ज्ञात पेशी घालतात आणि नळ्या सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून हलक्या हाताने हलवून पाहतात. खऱ्या ओ गटात पहिल्या दोन नळ्यांत गुठळी होते, तर तिसऱ्या नळीच्या तळाशी बसलेल्या पेशी हलवताच धुरासारख्या मोकळ्या उठतात. बॉम्बे गटात त्या तिसऱ्या नळीतली तांबडी गोळीही सुटत नाही, ती अखंड राहून काचेवरून घसरते. बॉम्बे गटाचा पहिला इशारा त्या एका नळीत मिळतो, आणि अनेक ठिकाणी नेमकी तीच नळी लावलेली नसते.

सावधान : ओ पेशींची गुठळी झाली म्हणून लगेच बॉम्बे असा निष्कर्ष काढू नये. थंडीत क्रियाशील होणारी किंवा अन्य प्रतिजनांविरुद्धची प्रतिपिंडेही असेच चित्र दाखवू शकतात. पुढची पायरी अँटी-एच लेक्टिनची, म्हणजे एच असलेल्या पेशी एकत्र चिकटवणाऱ्या प्रथिनाची, असते. ओ गटाच्या पेशी या लेक्टिनने ठळक गोळा होतात, बॉम्बे गटाच्या पेशी अजिबात होत नाहीत. ही चाचणी लावताना शेजारी ज्ञात ओ पेशींची नळी असलीच पाहिजे. अन्यथा लेक्टिन खराब झालेले असले तरी निकाल बॉम्बेसारखाच दिसेल. रुग्णाच्या स्वतःच्या पेशी आणि स्वतःचे सीरम यांची ऑटो कंट्रोल चाचणी निगेटिव्ह यायला हवी.

यानंतर पॅरा-बॉम्बेचा, म्हणजे बॉम्बेशी मिळत्याजुळत्या गटाचा, प्रश्न सोडवावा. काही व्यक्तींच्या पेशींवर एच नसतो किंवा अगदी अत्यल्प असतो, पण लाळेत तो सापडतो. त्यांच्या पेशींवर ए किंवा बीचा पुसटसा अंशही असू शकतो. त्यांच्यातील प्रतिपिंड बहुधा दुबळे असते, त्यामुळे ते ३७ अंश सेल्सिअसला काम करते की नाही यावर कोणते रक्त द्यायचे हे ठरते. बॉम्बे आणि पॅरा-बॉम्बे या दोन्हींना एकच शब्द वापरल्याने गोंधळ होतो, म्हणून लाळेची तपासणी टाळू नये.

हे सर्व प्रत्येक रक्तपेढीत होत नाही. मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रक्तपेढीत नमुना पाठवावा. गुंतागुंतीच्या नमुन्यांसाठी परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षारक्तविज्ञान संस्था, म्हणजे एनआयआयएच, आहे. हा टप्पा पहिल्या तिमाहीतच पूर्ण व्हावा.

पडताळणी : हातातील अहवालात रिव्हर्स ग्रुपिंग, अँटी-एच लेक्टिन आणि आरएच, तिन्हींचे निकाल वेगवेगळे लिहिलेले आहेत का?

टप्पा २ : जुनी नोंद सर्व ठिकाणी बदलणे

वाहन परवाना, जुने रक्तदाता कार्ड, माता-बाल संरक्षण कार्ड, आधीच्या बाळंतपणाची फाइल, या सगळ्यांवर ‘ओ’ लिहिलेले असते आणि अपघाताच्या वेळी तेच वाचले जाते. नवा गट ‘बॉम्बे, आरएच पॉझिटिव्ह’ किंवा ‘बॉम्बे, आरएच निगेटिव्ह’ असा शब्दांत पूर्ण लिहून घ्यावा. संक्षेपात ‘ओएच’ लिहिल्यास घाईत ‘ओ’ वाचला जातो. फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईत ‘ओ गटाचे रक्त देऊ नये’ असे वाक्य असावे. पाकिटात कायम ठेवता येईल असे छोटे कार्डही करून घ्यावे.

टप्पा ३ : भावंडांची तपासणी

रक्तदात्यांच्या शोधाची सुरुवात घरातूनच करावी. हा गट अप्रभावी जनुकांमुळे येतो. आई आणि वडील दोघेही वाहक (म्हणजे ते जनुक बाळगणारे) असल्याखेरीज बॉम्बे गटाचे मूल होत नाही. त्यामुळे प्रत्येक सख्ख्या भावंडाचा गट बॉम्बे असण्याची शक्यता चारांत एक असते. सर्वसामान्य लोकांत ती दहा हजारांत एक असल्याचे लक्षात घेतले, की भावंडांना सोडून दुरूनच शोध सुरू करणे किती चुकीचे आहे ते कळते. नात्यात लग्ने होणाऱ्या कुटुंबांत चुलत-मावस भावंडांचीही तपासणी करणे योग्य ठरते.

तपासणी ‘ब्लड ग्रुप’ एवढेच सांगून करू नये, कारण तीच अर्धी चाचणी होऊन पुन्हा ‘ओ’ असा अहवाल येतो. चिठ्ठीवर ‘रिव्हर्स ग्रुपिंग, ओ पेशींसह, आणि अँटी-एच लेक्टिन’ असे लिहून न्यावे. भावाचा गट बॉम्बे निघाला तरी त्याचा आरएच वेगळा असू शकतो, त्यामुळे तोही पाहावा.

सावधान : रक्ताच्या नात्यातील व्यक्तीचे रक्त चढवताना एक वेगळा धोका असतो. दात्याच्या पांढऱ्या पेशी रुग्णाच्या शरीरात टिकून तिच्याच ऊतींवर हल्ला करू शकतात. हा विकार दुर्मीळ असला तरी बहुतेक वेळा जीवघेणा असतो. म्हणून भाऊ-बहिणींची पिशवी देण्यापूर्वी तिचे किरणोत्सारण करून घ्यावे, म्हणजे किरण देऊन त्या पांढऱ्या पेशी निष्क्रिय कराव्यात. त्यासाठी साधारण २५ ग्रेची मात्रा वापरतात. ही सोय कोणत्या रक्तपेढीत आहे, हे पिशवी घेण्याआधीच विचारून ठेवावे.

टप्पा ४ : स्वतःचे रक्त वाढवणे

बाहेरून रक्त मिळवणे जितके कठीण, तितके शरीरातले रक्त मोलाचे. गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली गेले की तो रक्तक्षय मानतात. इतर गर्भवतींच्या बाबतीत ९ किंवा १० वर चालवून घेतले जाते. बॉम्बे गटाच्या स्त्रीबाबत तसे चालवून घेऊ नये.

दुसऱ्या तिमाहीपासून रोज ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची गोळी सरकारी कार्यक्रमातून मिळते. ती चहा, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेतली की लोह नीट शोषले जात नाही, आणि ‘गोळ्या घेऊनही रक्त वाढत नाही’ या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच कारण असते. गोळीनंतर निदान एक-दोन तास चहा टाळावा आणि गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. दुसऱ्या तिमाहीत जंताचे औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावे. महिनाभरात हिमोग्लोबिन हलले नाही, तर शिरेतून लोह देण्याचा निर्णय लवकर घ्यावा. सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत वाट पाहिली तर औषधाला काम करायला वेळच उरत नाही. थॅलेसेमिया मायनर किंवा सिकलसेल आहे का, हेही एकदा तपासून घ्यावे. विदर्भातील आणि आदिवासी भागातील कुटुंबांत तर हे विसरूच नये.

पडताळणी : ३४व्या आठवड्यात हिमोग्लोबिन ११ किंवा त्याहून जास्त असावे.

टप्पा ५ : पोटातील बाळाचा विचार

आरएच निगेटिव्ह आणि बॉम्बे या दोन गोष्टी कुटुंबांकडून हमखास एकत्र केल्या जातात. अँटी-डीचे इंजेक्शन फक्त आरएच निगेटिव्ह स्त्रीसाठी असते. बॉम्बे गटाची स्त्री आरएच पॉझिटिव्ह असेल, तर तिला त्याची गरज नाही. ती आरएच निगेटिव्ह असेल, तर २८व्या आठवड्यात आणि बाळ आरएच पॉझिटिव्ह निघाल्यास प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत ते इतरांप्रमाणेच द्यावे लागते. अँटी-एच तयार होऊ नये म्हणून देता येईल असे कोणतेही इंजेक्शन नाही, कारण ते प्रतिपिंड आधीपासूनच असते.

वडील बहुधा सामान्य गटाचे असल्याने बाळाच्या पेशींवर एच असतो. तरीही बाळाला गंभीर त्रास क्वचितच होतो. आईचे अँटी-एच मुख्यतः आयजीएम प्रकारचे असते आणि ते वार ओलांडून बाळाकडे जात नाही. शिवाय गर्भाच्या पेशींवर एच पुरेसा विकसित झालेला नसतो. मात्र त्यातील आयजीजी प्रकारचा अंश बाळापर्यंत पोहोचू शकतो. म्हणून आयजीजीचे प्रमाण मोजून घ्यावे, आणि ते जास्त असल्यास सोनोग्राफीत बाळाच्या मेंदूतील रक्तवाहिनीचा डॉप्लर (रक्ताचा वेग) पाहून त्याला रक्तक्षय होत आहे का यावर लक्ष ठेवावे. त्याच सोनोग्राफीत वारेची जागा नीट लिहून घ्यावी. वार खाली असेल किंवा आधीच्या सिझेरियनच्या व्रणावर चिकटलेली असेल, तर रक्तस्रावाचा धोका एकदम वाढतो आणि पुढची सगळी तयारी त्याप्रमाणे बदलते.

टप्पा ६ : दाते आणि पिशव्या

सर्वाधिक चुका इथे होतात. रात्री उशिरा ‘बॉम्बे ब्लड हवे, तातडीने’ असा संदेश व्हॉट्सॲपवर फिरतो. त्यात रुग्णालयाचे नाव नसते, आरएच नसतो, किती पिशव्या हव्यात तेही नसते, आणि गरज संपल्यावरही तो महिनोन्‌महिने फिरत राहतो. दाता शेकडो किलोमीटर प्रवास करून येतो आणि वजन किंवा हिमोग्लोबिन कमी भरल्याने परत जातो. तो पात्र ठरला तरी रक्त घेऊन त्याची एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, सिफिलिस व हिवताप यांसाठी तपासणी होईपर्यंत काही तास जातातच.

त्यापेक्षा दात्याने आपल्या गावाजवळच्या रक्तपेढीत रक्त द्यावे आणि पिशवीने प्रवास करावा, ही पद्धत कितीतरी अधिक सुरक्षित आहे. दोन्ही रक्तपेढ्यांच्या डॉक्टरांचे आधी बोलणे व्हावे आणि पिशवी शीतपेटीतूनच न्यावी. बर्फ पिशवीला थेट टेकला तर पेशी फुटतात, म्हणून मध्ये जाड आवरण असावे. नातेवाइकांनी घरच्या डब्यात बर्फ भरून पिशवी नेऊ नये.

दात्यांची नोंद सातव्या महिन्यात पूर्ण करावी. प्रत्येकाची पात्रता आधीच पाहावी. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन किमान १२.५ आणि आधीच्या रक्तदानाला पुरुषांत ९० व स्त्रियांत १२० दिवस झालेले असावेत. ज्याने गेल्या महिन्यातच रक्त दिले, तो प्रसूतीच्या तारखेला उपयोगी पडणार नाही, हे यादी करतानाच कळायला हवे. मोठ्या रक्तपेढ्यांकडे दुर्मीळ गटांच्या दात्यांची यादी असते, तिची चौकशी रक्तपेढीमार्फतच करावी.

पिशवी केव्हा घ्यायची याचे गणित सोपे आहे. सीपीडीए या रक्त टिकवणाऱ्या द्रावणातील तांबड्या पेशी ३५ दिवस टिकतात, सॅगएम द्रावणातील ४२ दिवस. ३६व्या आठवड्यात घेतलेली सॅगएम पिशवी ४२व्या आठवड्यापर्यंत पुरते. आठव्या महिन्याच्या सुरुवातीलाच घेऊन ठेवलेली पिशवी ऐन वेळी मुदतबाह्य होते. ग्लिसरॉल घालून गोठवलेल्या पेशी वर्षानुवर्षे टिकतात, पण ही सोय फार कमी ठिकाणी आहे, आणि वितळवून धुतलेली पिशवी साधारणपणे २४ तासांत वापरावी लागते.

गर्भवतीचेच रक्त आधी काढून ठेवावे का, असे अनेक जण विचारतात. हिमोग्लोबिन किमान ११ असेल आणि दुसरा दाता मिळतच नसेल, तर तज्ज्ञांच्या देखरेखीखाली हे करता येते. पण रक्त काढताना आईचा रक्तदाब घसरला तर बाळावर ताण येतो आणि काढलेले रक्त भरून यायला काही आठवडे लागतात. दाते उपलब्ध असताना हा मार्ग निवडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याऐवजी एक तपासलेली पिशवी रक्तपेढीत आणि किमान दोन पात्र दाते फोनवर, एवढी तयारी असल्याशिवाय प्रसूतीची तारीख येऊ देऊ नये.

सावधान : प्लाझ्मा (रक्तद्रव), क्रायो (प्लाझ्मातील रक्त गोठण्यास मदत करणारा अंश) आणि प्लेटलेट यांसाठी बॉम्बे दात्याचा हट्ट धरू नये. सामान्य दात्यांच्या प्लाझ्मात अँटी-एच नसते आणि बॉम्बे पेशींवर ए-बी नसतात, त्यामुळे हे घटक रक्तपेढीच्या डॉक्टरांच्या निर्णयाने इतर गटांचेही देता येतात. दुर्मीळ दात्याची ताकद तांबड्या पेशींसाठी राखून ठेवावी.

टप्पा ७ : रुग्णालय आणि प्रसूतीचा दिवस

रक्तपेढी, अतिदक्षता विभाग आणि चोवीस तास भूलतज्ज्ञ असलेले रुग्णालय ३२व्या आठवड्यापर्यंत ठरवावे. माहेरी बाळंतपणाची पद्धत असली तरी माहेरच्या गावात ही सोय नसेल, तर जिल्ह्याच्या ठिकाणी राहण्याची व्यवस्था आधीच करावी. गट बॉम्बे आहे एवढ्याच कारणासाठी सिझेरियन करण्याची गरज नाही. नैसर्गिक प्रसूतीत रक्तस्राव सहसा कमी होतो. तारीख ठरवून कळा आणायच्या की नाही, हे दाते आणि पिशव्या यांचा विचार करून डॉक्टर ठरवतात.

प्रसूतीच्या खोलीत रक्तस्राव रोखण्याची साधने वापरण्याचा उंबरठा या रुग्णासाठी खाली आणावा. बाळ जन्मताच ऑक्सिटोसिन द्यावे. रक्तस्राव वाढताच ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड द्यावे, ते प्रसूतीपासून तीन तासांच्या आतच उपयोगी ठरते. गर्भाशयात फुगवायचा बलून आणि शस्त्रक्रियेची तयारी बाजूलाच असावी. सिझेरियनमध्ये सांडलेले रक्त धुऊन परत देणारे सेल सॅल्व्हेज यंत्र उपलब्ध असेल, तर त्याची चौकशी आधी करावी.

टप्पा ८ : रक्त चढवताना

पिशवी पलंगापाशी आली की दोन व्यक्तींनी मिळून पिशवीवरील गट, पिशवी क्रमांक, मुदत आणि रुग्णाच्या मनगटावरील पट्टी मोठ्याने वाचून ताडून पाहावी. पिशवीवर ‘बॉम्बे’ असे लिहिलेले नसेल, तर कोणी कितीही घाई केली तरी ती लावू नये. क्रॉसमॅच ३७ अंशांवर आणि अँटी-ह्यूमन ग्लोब्युलिनसह (पेशींना चिकटलेली प्रतिपिंडे दाखवणारे द्रव्य) झालेला असावा.

पहिली १५ मिनिटे परिचारिकेने शेजारीच थांबावे. थंडी वाजून ताप, कंबरेत किंवा छातीत दुखणे, श्वास लागणे, लघवी लाल होणे, रक्तदाब घसरणे, यांपैकी एक जरी लक्षण दिसले तरी रक्त ताबडतोब थांबवावे, सलाईन चालू ठेवावे आणि पिशवी सेटसह रक्तपेढीकडे परत पाठवावी. रुग्ण भुलीत असेल तर ती काही सांगू शकत नाही. तेव्हा लघवीच्या पिशवीतला रंग आणि अकारण घसरणारा रक्तदाब यांवरच नजर ठेवावी लागते.

टप्पा ९ : बाळ आणि नंतरचे महिने

नाळेतील रक्तावर बाळाचा गट, हिमोग्लोबिन, बिलिरुबिन आणि डायरेक्ट कूम्ब्स (बाळाच्या पेशींना आईची प्रतिपिंडे चिकटली आहेत का ते पाहणारी) या चाचण्या कराव्यात. पहिल्या काही दिवसांत कावीळ वाढते का ते पाहावे. बाळाला रक्त बदलण्याची वेळ आलीच, तर आईच्या सीरमशी जुळणाऱ्या, म्हणजे बॉम्बे गटाच्याच, पेशी लागतात. ही शक्यता पिशव्यांच्या हिशेबात आधीच धरावी.

नवजात बाळाच्या शरीरात स्वतःची प्रतिपिंडे नसल्याने रिव्हर्स ग्रुपिंग करून उपयोग नसतो. वडील आईच्या नात्यातले असतील आणि बाळाचा गट ओ आला असेल, तर वर्षभरानंतर तो पूर्ण पद्धतीने पुन्हा तपासून घ्यावा.

आईने लोहाच्या गोळ्या प्रसूतीनंतर सहा महिने चालू ठेवाव्यात. तिला स्वतः रक्तदान करायचे असेल, तर प्रसूतीनंतर १२ महिने आणि अंगावर पाजत असेपर्यंत थांबावे लागते. त्यानंतरही सर्वसाधारण शिबिरात रक्त देऊ नये. तिथे ती पिशवी चुकून ओ म्हणून नोंदली गेली, तर तिच्यातील अँटी-एच असलेला प्लाझ्मा दुसऱ्या रुग्णाला अपाय करू शकतो, आणि ज्याला त्या पेशी हव्या आहेत त्याच्यापर्यंत त्या पोहोचत नाहीत. आपले नाव, आरएच आणि मागील रक्तदानाची तारीख दुर्मीळ दात्यांच्या यादीत नोंदवावी आणि रक्तपेढीने बोलावल्यावरच जावे. फोन क्रमांक बदलला, तर तो त्या यादीतही बदलून घ्यावा.